कथा पोस्टकार्डावर मावते, तरी हे कुंग-फू चित्रपट पुन्हा पुन्हा का पाहावेसे वाटतात?

रातकिडा

धाग्याचे निमित्त घरगुती आहे. गेल्या शनिवारी रात्री मी 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' हा १९७८ सालचा हाँगकाँगी चित्रपट बहुधा पाचव्यांदा पाहत बसलो होतो. शेजारी मटार सोलत बसलेल्या पत्नीने शांतपणे विचारले, "पुढे काय होणार हे तुम्हाला पाठ आहे, आणि जे होणार आहे तेही फारसे काही नाही. मग एवढे डोळे फाडून काय पाहता?" मला उत्तर देता आले नाही, म्हणून प्रश्न इथे आणला आहे.

तिचे म्हणणे खोटे नाही. चीनमधल्या मांचू राजवटीच्या सेनापतीने आपल्या माणसांना मारले म्हणून एक विद्यार्थी जखमी अवस्थेत शाओलिन मठात पळून येतो, तिथे काही वर्षे विद्या शिकतो, परत जातो आणि सेनापतीला मारतो. कथा एवढीच. चित्रपटाचा मधला मोठा भाग निव्वळ शिकण्यात जातो. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून उडी मारून भोजनगृहात पोहोचायचे, दंडांना पाती बांधलेली असताना आडव्या हातांनी पाण्याच्या बादल्या वर न्यायच्या, लांब दांड्याच्या जड हातोड्याने घंटा वाजवायची, टांगलेल्या वाळूच्या पिशव्यांना डोके आपटत पुढे जायचे. संवाद जेमतेम आहेत आणि प्रेमकथा मुळीच नाही. असे असूनही तो पहिल्यांदा ओंडक्यांवरून कोरडा पलीकडे जातो, तेव्हा मला दर वेळी टाळी वाजवावीशी वाटते.

लहानपणी पाहिले होते म्हणून आवडते, हे उत्तर कृपया देऊ नये. मी हे सारे चित्रपट चाळिशीनंतर पाहिले आहेत.

तालीमबाज

आमच्या कोल्हापुरात खासबागेच्या मैदानात कुस्ती लागते, तेव्हा या कुस्तीची कथा काय आहे असे कोणी विचारत नाही. लोक डाव पाहायला जातात. ढाक कसा टाकला, तो कसा सोडवला, घिस्सा ओढताना खालच्याने पाय कुठे रोवला, हे ज्याला दिसते तो दोन तास हलत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला दोन उघडी माणसे मातीत लोळताना दिसतात. आपल्या सौभाग्यवतींचा प्रश्न योग्यच आहे. फक्त त्यांना अजून डाव दिसत नाहीत, एवढेच म्हणता येईल.

अर्धविराम

तालीमबाज यांचा दाखला आकर्षक असला तरी तो इथे लागू पडत नाही, असे मला नम्रपणे वाटते. कुस्तीत निकाल ठरलेला नसतो आणि प्रेक्षकाला खुर्चीच्या कडेवर आणून बसवते ती ही अनिश्चितताच. या चित्रपटांत निकाल पहिल्या दहा मिनिटांत कळतो, शिवाय प्रत्येक फटका आधी ठरवून, घोटून, मग चित्रित केलेला असतो. ज्या मारामारीत कोणालाही लागत नाही आणि कोण जिंकणार हेही माहीत आहे, ती दुसऱ्यांदा का पाहावी, हा मूळ प्रश्न तसाच उरतो.

माझ्या मते याचे जवळचे नाते दशावताराशी आहे. तिथेही आख्यान सर्वांना ठाऊक असते, देव जिंकणार हे ठाऊक असते, आणि तरी पहाटे तीन वाजता तलवारयुद्ध सुरू झाले की पेंगणारे प्रेक्षक सावरून बसतात.

माडाखाली

अर्धविराम, आपण नकळत मूळ धाग्यालाच हात घातला आहे. माझे आजोळ सावंतवाडीकडचे असल्यामुळे दशावतार मी पुष्कळ पाहिला आहे. त्या युद्धात तलवारी फार जोराने चालत नाहीत. पखवाजावर ठेका धरलेला असतो, दोघे गिरक्या घेत फिरतात, समेवर तलवारीला तलवार लागते आणि क्षणभर दोघेही थिजल्यासारखे उभे राहतात.

हाँगकाँगच्या चित्रपटांतही नेमके हेच दिसते, आणि ते योगायोगाने आलेले नाही. तिथले कितीतरी कलावंत आणि मारामारीचे आरेखक पेकिंग ऑपेरा या चिनी संगीत-रंगभूमीच्या परंपरेतून आलेले होते. त्या रंगभूमीवर नट हालचालीच्या शेवटी एकदम थांबून पवित्रा दाखवतो आणि त्याच क्षणी झांज वाजते. या थांबण्याला 'ल्यांग-श्यांग' असे नाव आहे. दिग्दर्शक किंग हू यांनी 'कम ड्रिंक विथ मी' या १९६६च्या चित्रपटात हा ठेका फार जाणीवपूर्वक वापरला. जॅकी चॅन, साम्मो हुंग आणि युएन बियाओ हे तिघे लहानपणी हाँगकाँगमधल्या एकाच ऑपेरा शाळेत, यू जिम-युएन या कडक गुरूंच्या हाताखाली वाढले. त्यांची मारामारी पाहताना पाय आपोआप ताल धरतात, याचे कारण ती मुळात तालावरच बसवलेली असते.

तिरकस

एवढ्या विद्वत्तेत मुख्य मुद्दा राहून जाऊ नये. पांढऱ्या लांब भुवयांचा दुष्ट म्हातारा उजव्या हाताने दाढी कुरवाळत "हा हा हा" असे हसतो, तेवढ्या एका गोष्टीसाठी मी कोणताही चित्रपट शेवटपर्यंत पाहू शकतो. दुसरे सुख असे की खलनायक पडला की चित्रपट संपतो. शोक नाही, लग्न नाही, उपदेश नाही. नायकाचा हात हवेत असतानाच चित्र गोठते आणि 'समाप्त' येते. आपल्याकडच्या दिग्दर्शकांनी एवढे जरी शिकून घेतले असते, तरी माझ्या आयुष्यातील कित्येक तास वाचले असते.

कात्री

मी संकलनाचे काम करतो, म्हणून थोडे कारागिरीच्या बाजूने लिहितो.

आजच्या बहुतेक मारधाडपटांत फटका दिसत नाही, फटक्याची बातमी मिळते. हात उचलला की तुकडा (शॉट) बदलतो, कॅमेरा हलतो, आवाज येतो आणि समोरचा पडलेला दिसतो. जुन्या हाँगकाँगी चित्रपटांत दोन्ही योद्धे डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत असतात आणि एकाच सलग तुकड्यात पाच, सात, कधी दहाहून अधिक हालचाली होतात. पाय कुठे आहेत हे दिसल्याशिवाय हात तसा का आला हे कळत नाही, आणि ते कळले नाही तर पाहणाऱ्याचा रस संपतो. लाउ कार-लेउंग यांच्या चित्रपटांत हे कटाक्षाने पाळलेले आहे. रातकिडा यांनी उल्लेख केलेला चित्रपट त्यांचाच.

अर्थात यात लबाडीही पुष्कळ होती. कॅमेरा किंचित कमी वेगाने चालवून चित्रण करायचे, म्हणजे पडद्यावर हालचाल जलद दिसते. आवाज चित्रणाच्या वेळी घेतलाच जात नसे. संवाद आणि फटक्यांचे आवाज नंतर भरले जात. बाही फडकल्याचा तो प्रसिद्ध 'फट्' आवाज प्रत्यक्षात कोणत्याही बाहीतून येत नाही. पण या लबाडीने हालचाल लपत नाही, ती अधिक स्पष्ट होते. फटका, आवाज, क्षणभर विराम, पुन्हा फटका. माडाखाली यांनी म्हटलेला विराम नसता, तर हे सारे डोळ्यांना नुसते गिचमिड वाटले असते.

वैशाखवणवा

वरील सर्व प्रतिसाद वाचून वाटले की आपण कचऱ्यालाही चंदनाचा लेप लावत आहोत. मी या प्रकारचे किमान शंभर चित्रपट पाहिले आहेत आणि त्यांतले ऐंशी टाकाऊ होते, असे प्रामाणिकपणे सांगतो. ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी गेला आणि पुढची काही वर्षे निर्मात्यांनी ब्रूस ली याच्यासारखे दिसणारे, त्याच्यासारखे नाक पुसणारे आणि जवळजवळ त्याचेच नाव लावणारे नट उभे करून बाजार भरवला. त्याचा स्वतःचा अपुरा राहिलेला चित्रपटही १९७८मध्ये तोतये वापरून पूर्ण करण्यात आला. त्या काळातले कितीतरी चित्रपट म्हणजे एक माळरान, चार माणसे आणि नव्वद मिनिटे एवढाच ऐवज आहे. तिथे कथा कमी आहे याचे कारण कोणतीही रंगपरंपरा नसून पैसा आणि वेळ दोन्ही नव्हते, हे आहे. आळसाला शैली म्हणू नये.

स्त्रियांविषयी तर बोलायलाच नको. बहुतेक ठिकाणी त्या रडायला किंवा पळवून न्यायला असतात.

मोगरा

वैशाखवणवा यांचे पहिले म्हणणे मान्य. दुसऱ्याबाबत मात्र थोडे थांबावे लागेल. 'कम ड्रिंक विथ मी'चा मुख्य योद्धा ही एक स्त्री आहे. ती भूमिका करणाऱ्या चेंग पेइ-पेइ नृत्य शिकलेल्या होत्या, आणि खानावळीतील तो प्रवेश, जिथे सर्व बाजूंनी चोर बसलेले असताना ती शांतपणे आपल्या जागी बसून राहते, मी आजही नव्या माणसाला पहिला दाखवते. पुढे लाउ कार-लेउंग यांच्याच 'माय यंग आंटी' या १९८१च्या चित्रपटासाठी कारा हुई यांना हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. घागऱ्यासारखा पायघोळ पोशाख आणि उंच टाचांचे बूट घालून मारामारी करणे हा अभिनय नाही, असे ज्याला वाटते त्याने आधी त्या बुटांत जिना उतरून दाखवावा.

मधल्या काळात चांग चेह यांच्यासारख्या दिग्दर्शकांमुळे पडदा पुरुषांनी व्यापला, हे मात्र खरे आहे. त्यांच्या 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' या १९६७च्या चित्रपटाने हाँगकाँगमध्ये दहा लाख डॉलरचा गल्ला पार केल्यावर सर्व निर्मात्यांना रक्तबंबाळ तरुण नायक हवेसे झाले.

सिंगापूरकर

कथा कमी का, या प्रश्नाची एक बाजारी बाजूही आहे आणि ती मला इथे राहत असल्यामुळे विशेष जवळची वाटते. हे चित्रपट काढणाऱ्या शॉ बंधूंचा व्यवसाय १९२०च्या दशकातच सिंगापुरात आला होता आणि सिंगापूर-मलाया भागात त्यांच्या चित्रपटगृहांची साखळी होती. ऑर्चर्ड रस्त्यावर त्यांच्या नावाची इमारत आजही उभी आहे. हाँगकाँगच्या क्लिअरवॉटर बे येथील त्यांच्या चित्रनगरीत जे तयार होई, ते इथे कँटनी, होक्किएन, मलय, तमिळ अशा अनेक भाषा बोलणाऱ्या माणसांसमोर लागत असे. चित्रपटांची भाषा बहुतेक वेळा मँडरिन होती, आणि ती घरी बोलणारे त्या प्रेक्षकांत थोडेच असत. अशा प्रेक्षकाला बांधून ठेवायचे तर सर्वांना कळणारी गोष्ट हवी. गुरूचा अपमान झाला, चेल्याने सूड घेतला, हे कळायला भाषा लागत नाही.

त्या चित्रनगरीत तीच गल्ली, तीच खानावळ आणि तोच पूल इतक्या चित्रपटांत येतो की मला तो पूल आता आमच्या गावच्या साकवाइतका ओळखीचा झाला आहे.

जिज्ञासू_१९

या सगळ्या विद्येचे मूळ आपल्याकडचेच आहे ना? दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने शाओलिनच्या भिक्षूंना ही विद्या शिकवली, असे आम्हाला शाळेत एका शिक्षकांनी सांगितले होते.

अर्धविराम

जिज्ञासू, ती कथा सुंदर आहे, परंतु इतिहास म्हणून टिकत नाही. बोधिधर्माचे नाव व्यायामविद्येशी जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे त्याच्या मानलेल्या काळानंतर हजार वर्षांहून अधिक उशिराचा. तांग हाओ या चिनी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही दंतकथा असल्याचे दाखवून दिले होते.

भारतीय माणूस पाहायचाच असेल तर 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटीन' या १९७६च्या चित्रपटातील स्पर्धेत एक योगी आहे. त्याचे हात रबरासारखे लांब होतात. चिनी नटाच्या अंगाला रंग फासून तो उभा केलेला आहे. अभिमान बाळगावा की तक्रार करावी, हे ज्याने त्याने ठरवावे.

तिरकस

अभिमानच. स्पर्धेत आपला माणूस आहे आणि त्याचे हात वेशीपर्यंत पोहोचतात.

शिष्योत्तम

मी बराच वेळ वाचत होतो. वैशाखवणवा यांच्या आक्षेपाला अजून नीट उत्तर मिळालेले नाही, असे वाटल्यामुळे लिहितो.

या चित्रपटांत कथा कमी आहे, असे आपण सर्वजण गृहीत धरून चाललो आहोत. माझ्या मते चांगल्या चित्रपटांत ती कमी नाही, ती दुसरीकडे आहे. 'ड्रंकन मास्टर' घ्या. १९७८ साल, दिग्दर्शक युएन वू-पिंग, नायक जॅकी चॅन, आणि दारुड्या गुरूच्या भूमिकेत दिग्दर्शकाचे वडील युएन सिउ-तिएन. गुरू उनाड चेल्याला चिनी दंतकथांतल्या आठ अमरांच्या नावाने आठ पद्धती शिकवतो. त्यांतली आठवी पद्धत 'हो' नावाच्या स्त्री-अमराची आहे. ती बायकी आहे म्हणून चेला तिच्याकडे दुर्लक्ष करतो. प्रेक्षक हसतात आणि विसरतात. शेवटी भाडोत्री मारेकऱ्याशी गाठ पडते. ती भूमिका ह्वांग जांग-ली या विलक्षण लाथा मारणाऱ्या नटाने केली आहे. सात पद्धती वापरून होतात, मारेकरी त्या सर्व ओळखतो, गुरू बाजूने ओरडतो की आता आठवी काढ, आणि चेला कबूल करतो की ती मी शिकलोच नाही. मग तो तिथल्या तिथे स्वतःची आठवी पद्धत रचतो, लाजतो, मुरडतो, केस सावरतो आणि जिंकतो.

इथे नायकाचा स्वभाव, त्याची चूक, तिचे परिणाम आणि त्याच्यात झालेला बदल, कथेत जे जे असावे लागते ते सर्व आहे. फक्त ते संवादात नसून हातापायांत आहे. तो प्रसंग सारांशात लिहिला तर 'नायक खलनायकाला हरवतो' एवढेच वाक्य उरते. पोस्टकार्डावर मावतो तो सारांश, कथा नव्हे.

हेच 'प्रॉडिगल सन'मध्ये दिसते. श्रीमंत बापाचे नोकर प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारून मुलाला जिंकवत राहतात, म्हणून त्या मुलाला आपण मोठे योद्धे आहोत असे वाटते. एके दिवशी नाटकात स्त्रीभूमिका करणारा एक दमेकरी नट त्याला सहज लोळवतो. लाम चिंग-यिंग यांनी तो नट असा उभा केला आहे की अंगात बळ असूनही श्वास पुरत नाही, ही व्यथा प्रत्येक लढतीत दिसते, आणि तिच्यासाठी एकही भाषण लिहावे लागलेले नाही.

माळरानावरच्या त्या ऐंशी चित्रपटांत हे नाही. म्हणून ते टाकाऊ आहेत. कथा कमी आहे म्हणून नव्हे.

वैशाखवणवा

शिष्योत्तम, हे मला पटले, आणि असे मी सहसा लिहीत नाही. माझ्या ऐंशींपैकी एक मात्र वाचवतो. जोसेफ क्वो यांच्या 'सेव्हन ग्रँडमास्टर्स'मध्ये निवृत्तीच्या वाटेवर असलेला एक वस्ताद गावोगावच्या वस्तादांना आव्हान देत फिरतो, याखेरीज जवळजवळ काहीही घडत नाही. पण प्रत्येक गावात लढण्याची रीत निराळी आहे, आणि वस्ताद दर वेळी थोडा अधिक थकलेला आहे. तो चित्रपट मी तीन वेळा का पाहिला, हे मला आज कळले.

तालीमबाज

गुरुपरंपरेचा मुद्दा राहून गेला. लाउ कार-लेउंग यांचे वडील लाउ चाम हे लाम साई-विंग यांचे शिष्य आणि लाम साई-विंग हे वाँग फेइ-हुंग या प्रसिद्ध चिनी वस्तादांचे. म्हणजे ज्या वाँग फेइ-हुंग यांच्यावर १९४९पासून डझनावारी चित्रपट निघाले, 'ड्रंकन मास्टर'मधला उनाड चेलाही ज्यांचेच तरुण रूप आहे, त्यांची विद्या या दिग्दर्शकाला तिसऱ्या पिढीत प्रत्यक्ष मिळालेली होती. आमच्या तालमीत नवीन पोराला पहिले काही महिने जोर, बैठका आणि आखाड्याची माती उकरणे एवढेच काम असते. मैदानात उतरायची घाई केली तर वस्ताद हाकलून देतात. 'थर्टी-सिक्स्थ चेंबर'मध्ये नायक आल्या आल्या सर्वांत वरच्या दालनात शिरायला जातो आणि तिथून फेकला जातो, मग त्याला खालच्या दालनापासून, ओंडक्यांपासून, सुरुवात करावी लागते. हे ज्याने लिहिले त्याने माती उकरलेली आहे, हे मला लगेच समजले. शिक्षणाला एवढा वेळ देणे ही कथेतली खोट नाही. तीच कथा आहे.

कात्री

तालीमबाज यांच्याशी सहमत. शिवाय त्या चित्रपटाची सुरुवात आठवा. कथा सुरू होण्यापूर्वी श्रेयनामावली चालू असताना नायकाची भूमिका करणारा गॉर्डन ल्यू मोकळ्या पार्श्वभूमीवर एकटा उभा राहून हात दाखवतो. गाण्यापूर्वी गवयाने षड्ज लावावा, तसे ते आहे. आज काय ऐकायचे आहे, हे तिथेच सांगितलेले असते.

मोगरा

रातकिडा, मूळ प्रश्न आपल्या पत्नीचा होता. त्यांना 'थर्टी-सिक्स्थ चेंबर'ऐवजी 'डर्टी हो' दाखवून पाहावे. १९७९चा, त्याच दिग्दर्शकाचा आणि त्याच नटाचा. एक राजपुत्र जवाहिऱ्याच्या वेशात फिरत असतो आणि आपल्याला लढता येते हे त्याला कोणालाही कळू द्यायचे नसते. एका ठिकाणी तो वादक स्त्रीच्या आडून, जणू तीच लढत आहे असे भासवून, तिचे हातपाय कळसूत्री बाहुलीसारखे हलवतो. दुसऱ्या ठिकाणी मद्याची चव घेण्याच्या निमित्ताने यजमान त्याला मारायला पाहतो, आणि दोघेही तोंडाने एकमेकांचा आदरसत्कार करत, पेले पुढेमागे करत, जिवावरची झुंज खेळतात. शेजारी बसलेल्या नायकाच्या चेल्याला पत्ताही लागत नाही.

ज्या गृहिणीने चार पाहुण्यांसमोर हसतमुखाने सासरच्या माणसांशी वाद घातला आहे, तिला हा प्रवेश समजावून सांगावा लागणार नाही.

रातकिडा

सर्वांचे मनापासून आभार. मोगरा यांच्या सांगण्यावरून काल रात्री 'डर्टी हो' लावला. मी धाग्यातला एकही मुद्दा सांगितला नाही. पहिली वीस मिनिटे पत्नी मोबाइल पाहत होती. वादक स्त्रीच्या प्रवेशाला तिने मान वर केली आणि "हे त्या बिचारीला कळते तरी आहे का?" असे विचारले. मद्याच्या प्रवेशाला मोबाइल उलटा ठेवला गेला.

प्रवेश संपल्यावर मी उठून पाणी आणायला निघालो, तर ती म्हणाली, "थांबा, जरा मागे घ्या. पेला दिला तेव्हा त्याचा दुसरा हात कुठे होता, ते दिसलेच नाही."

तिरकस

आता रिमोट विसरा.